अनगार आणि बेघर

कोल्हापूरच्या दसरा चौकात राजर्षी शाहू महाराजांच्या पुतळ्याभोवती निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे आहेत. गावी घर असूनही शहरात छप्पर नसलेला मुलगा शिकणार कसा, या प्रश्नाला १९०१ पासून या नगरीने दिलेले हे दगडाविटांचे उत्तर होय. दिगंबर जैन बोर्डिंग त्यांतील आरंभीच्या वसतिगृहांपैकी एक. कुंभोजचे भाऊराव पाटील तेथेच राहिले. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या उद्घाटनास जाऊन आल्यावर भाऊरावांना आंघोळ करण्यास सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. निवारा देणारा हातच तो काढूनही घेऊ शकतो, हे समाजाने विसरू नये. पुढे त्याच भाऊरावांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली आणले.

तत्त्वार्थसूत्रात व्रतींचे अगारी आणि अनगार असे दोन भेद सांगितले आहेत. अगार म्हणजे घर. मुनिमहाराज घर त्यागून विहार करतात आणि त्यांच्या स्वागतासाठी वेशीवर गर्दी लोटते. एसटी स्थानकाच्या कट्ट्यावर गाठोडे उशाशी घेऊन निजणाऱ्यापाशीही घर नाही. पण त्याच्या रिकाम्या हातांना अपरिग्रह म्हणता येत नाही. ज्या खात्यात शिल्लकच नाही, त्यातून तो त्याग कशाचा करणार? पूर्वकर्माचा उदय म्हणून त्याची बोळवण करणेही योग्य नव्हे. कर्मसिद्धान्त दुःखाचे कारण सांगतो. शेजाऱ्याला करुणेतून मोकळे करीत नाही.

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात आहार, औषध व उपकरण यांच्या जोडीला आवास हेही दान गणले आहे. तेथील संदर्भ संयमी साधूंच्या सेवेचा आहे, हे खरे. परंतु आहारदान आणि औषधदान श्रावकांनी केव्हाच सर्वांपर्यंत नेले. अन्नछत्रे आणि दवाखाने त्याची साक्ष देतात. आवासदान मात्र अद्याप वसतिकेच्या उंबरठ्यावरच थांबले आहे. व्यापारी पेठांतून वर्षानुवर्षे कुलूपबंद असलेल्या माड्या पाहिल्या की हे अधिकच जाणवते. धर्मशाळा आहेत, पण तेथील नोंदवहीत पत्ता लिहून ओळखपत्र दाखवल्याखेरीज खोली मिळत नाही, आणि पत्ता नसणे हीच तर त्या कट्ट्यावरच्या माणसाची अडचण आहे.