पायीं चालणारांचा राजमार्ग

गेल्या वर्षीं डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन पाहण्याचा योग आम्हांस आला. बरोबर मातोश्री होत्या. २०१९ सालीं पुण्यास लक्ष्मी रस्ता ओलांडतांना एका दुचाकीच्या धक्क्यानें त्या पडल्या, तेव्हांपासून त्यांनीं पेठेंत पाऊल टाकलेलें नव्हतें. म्हणून तेथील ‘स्ट्रॉयेट’ नामक प्रसिद्ध पेठेंत त्यांना न्यावें कीं न न्यावें, याचा आम्हीं बराच खल केला.

हा मार्ग नगरभवनाच्या चौकापासून ‘कोंगेन्स न्यूटॉर्व’, म्हणजे राजाचा नवा चौक, येथपर्यंत सुमारें १.१ किलोमीटर जातो. वास्तविक हा एक रस्ता नव्हे. एकापुढें एक असे अनेक जुने रस्ते व चौक मिळून तो झाला आहे. दुतर्फा दुकानें, आणि मध्यें केवळ माणसें! सायकलींच्या त्या शहरांत सायकलस्वारासहि येथें उतरून चालावें लागतें.

हें सुख त्या नगरीस आपोआप लाभलेलें नाहीं. पूर्वीं येथें मोटारींची दाटी असे. १७ नोव्हेंबर १९६२ रोजीं प्रयोग म्हणून वाहनें बंद केलीं, तेव्हां दुकानदारांनीं मोठा विरोध केला. गाडी दाराशीं न आली तर गिऱ्हाईक येईल कसें, आणि या थंड मुलुखांत पायीं हिंडेल कोण, अशी त्यांची शंका. गिऱ्हाईक आलें, आणि १९६४ सालीं ती व्यवस्था कायम झाली.

आमागरटॉर्व चौकांत चिनी मातीच्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांचें दुकान आहे. एका बशीची किंमत मनांतल्या मनांत रुपयांत करून मातोश्रींनीं ती जपून जागेवर ठेवली. जवळच १८९४ सालचें करकोच्यांचें कारंजें आहे. त्याच्या काठावर एका वृद्ध बाईनें सरकून त्यांना जागा दिली. एकीची भाषा दुसरीस येईना. पण दोघीहि येणारीं-जाणारीं माणसें पाहत सुखानें बसल्या. मग आमचा हात न धरतांच मातोश्री उठल्या व म्हणाल्या, “मी होतें पुढें. तुम्ही या सावकाश.”

११ डिसेंबर २०२१ रोजीं पुण्यांतहि लक्ष्मी रस्त्याचा कांहीं भाग पादचाऱ्यांसाठीं मोकळा केला होता. त्यांना गर्दी सोसणार नाहीं, असें परस्पर ठरवून आम्हीं त्या दिवशीं मातोश्रींना घरींच बसविलें. त्यांचें भय गर्दीचें नव्हतें, वाहनांचें होतें, हें कळण्यास आम्हांस कोपनहेगन गांठावें लागलें!