प्रोजेक्टचं शेवटचं पान

चेन्नईत छायाचित्रणाचा अभ्यासक्रम करताना प्रोजेक्टसाठी मी एन्नोरची खाडी निवडली. फोटोंसोबत शेवटच्या पानावर एक टिपणही द्यायचं असतं: काय केलं, कसं केलं, का केलं. हे शेवटचं पान बहुतेक जण घाईघाईत उरकतात. मला मात्र अख्ख्या अभ्यासक्रमातलं सर्वांत मोलाचं शिक्षण त्याच पानावर मिळालं.

एन्नोर चेन्नईच्या उत्तर टोकाला आहे. कोसस्थलैयार नदी इथे समुद्राला मिळते. आसपास औष्णिक वीजकेंद्रं आणि बंदर. वीजकेंद्राच्या राखेने खाडी जागोजागी उथळ झालेली. डिसेंबर २०२३मध्ये मिचौंग वादळाच्या पुरात मणलीच्या औद्योगिक भागाकडून तेल वाहत आलं आणि मच्छीमारांच्या होड्या, जाळी काळी पडली. अशा जागी कॅमेरा कुठेही रोखा, डोळ्यांत भरणारा फोटो मिळतोच. खरी कसोटी निवडीची.

इथल्या इरुळर या आदिवासी समाजातल्या बायका हाताने कोळंबी पकडतात. छायाचित्रकार एम. पलनी कुमार यांनी 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळासाठी केलेलं त्यांच्यावरचं काम पाहूनच मी इथे आले. पाण्यात वाकून दोन्ही हातांनी तळाचा चिखल चाचपायचा. हात अडकलेले, म्हणून टोपली दातांत धरायची.

निवड करता करता शेवटी माझ्याकडे दोन फोटो उरले. एकात मागे वीजकेंद्राच्या चिमण्या आणि पुढे लहानशी बाई. दुसऱ्यात घट्ट मिटलेले दात, टोपलीची कड आणि हनुवटीला टेकलेलं करडं पाणी. मी दुसरा निवडला. टिपणात आधी लिहिलं, 'हा जास्त परिणामकारक वाटला.' मग स्वतःलाच विचारलं, का? पहिल्या फोटोत ती बाई प्रदूषणाचा पुरावा म्हणून उभी होती. दुसऱ्यात तिचं कसब दिसत होतं. पण पाणी करडं कशाने झालं, हे दुसरा फोटो सांगत नव्हता. म्हणून त्याच्या शेजारी राख वाहून नेणाऱ्या पाइपांचा फोटो लावला. ही जोडी मला लिहिता लिहिता सुचली.

स्वतःच्या कामाविषयीच्या अशा लेखनाचा मराठीत वस्तुपाठ आहे. चित्रकार प्रभाकर बरवे वर्षानुवर्षं आपल्या चित्रविचारांची टिपणं वह्यांत करत राहिले. त्यांचं 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक याच चिंतनाच्या वाटेवरचं. आकार, अवकाश, वस्तू यांच्याशी चाललेला आपला व्यवहार एक चित्रकार किती नेमक्या मराठीत मांडू शकतो, हे त्यातून कळतं.

कलेचं शिक्षण घेणाऱ्या प्रत्येकाला माझं एवढंच सांगणं आहे. 'खूप काही शिकायला मिळालं' हे वाक्य टिपणात लिहू नका. काय ठेवलं, काय टाकलं आणि टाकल्यामुळे काय हातचं गेलं, ते त्या त्या दिवशीच लिहा. पुढचं काम त्यातूनच सुधारतं.