दुसऱ्या माणसाचे कार्ड

न्यू जर्सीत मुलीकडे राहायला गेलो की आम्हा दोघांचा पहिला आठवडा नातवाकडून बेसबॉल शिकण्यात जातो. आम्ही रत्नागिरीकडची क्रिकेटवेडी माणसे. चेंडूला टप्पा नसतो आणि फटका दोन रेषांच्या आतच जावा लागतो, एवढे कळले की पुढचे जमते. हा खेळ तिथे घराण्यातून येतो. शेजारचे आजोबा, मुलगा, नातू एकाच संघाच्या टोप्या घालून टीव्हीपुढे बसतात आणि आजोबांच्या काळातले खेळाडू नातवाला तोंडपाठ असतात. पाठ करून घेणारा मास्तर म्हणजे कार्ड.

पुढे चित्र, मागे आकडे. पूर्वी ही कार्डे सिगारेटच्या पाकिटांत येत, नंतर च्युइंगमबरोबर. आमच्या मुलीनेही लहानपणी बबलगममधली क्रिकेटपटूंची चित्रे जमवली होती, त्यामुळे पोराचे वेड तिला समजावून सांगावे लागले नाही. टॉप्स कंपनीची 1952 सालची मालिका सर्वांत नावाजलेली. तिचा शेवटचा भाग खपला नाही म्हणून 1960 च्या सुमारास पेट्याच्या पेट्या समुद्रात बुडवल्या. त्याच भागातले मिकी मँटलचे एक कार्ड 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला गेले. रुपयांत किती, हा हिशेब आम्ही सुरू केला आणि सोडून दिला.

आम्हाला किमतीपेक्षा चेहऱ्यांत रस. मँटलचा क्रमांक 311, लगेच 312 वर जॅकी रॉबिन्सन. कृष्णवर्णीयांना मोठ्या लीगची दारे कुठल्याही लेखी नियमाशिवाय साठेक वर्षे बंद होती. 15 एप्रिल 1947 रोजी रॉबिन्सन आत शिरला. त्याचे नाव आम्ही मुंबईतही ऐकले होते. लॅरी डोबीचे नव्हते.

डोबी अकरा आठवड्यांनी, 5 जुलैला, क्लीव्हलंडकडून उतरला. दुसरा माणूस. पहिल्या दिवशी काही सहकाऱ्यांनी त्याच्याशी हातही मिळवला नाही. हाल तेच, हेटाळणी तीच. पण मानाच्या हॉल ऑफ फेममध्ये रॉबिन्सन 1962 ला गेला, डोबी 1998 ला. हा डोबी पॅटरसनमध्ये वाढला. तिथे आम्ही शनिवारी हलाल मटण आणायला जातो. अरब, तुर्की, बांगलादेशी दुकानांचे ते गाव. धबधब्याला लागून हिंचलिफ स्टेडियम आहे. कृष्णवर्णीयांच्या लीगचे सामने तिथे होत, डोबीची निवड चाचणीही तिथलीच. वर्षानुवर्षे पडीक राहून ते 2023 मध्ये पुन्हा उघडले.

“नाना, जॉश गिब्सनचं जुनं कार्ड का नाही मिळत?” नातवाने एकदा विचारले. गिब्सन जानेवारी 1947 मध्ये वारला, दार उघडायच्या तीन महिने आधी, वय 35. च्युइंगमच्या पाकिटातून तो जिवंतपणी कुणा पोराच्या हाती आला नाही. मे 2024 मध्ये त्या लीगचे आकडे मोठ्या लीगच्या दप्तरी घेतले, तेव्हा .372 च्या सरासरीने तो टाय कॉबच्याही वर, पहिला आला. आता त्याची कार्डे निघतात. तीही गुळगुळीत, नवीकोरी.

डोबीचे मात्र एक जुने कार्ड नातवाकडे आहे, कोपरे झिजलेले. शाळेतल्या एका मित्राने त्याच्या बदल्यात आरन जजची दोन चकचकीत कार्डे देऊ केली. नानीचे मत होते, दोन घ्यावीत. पोराने मान हलवली.

“नको. हा आपल्या पॅटरसनचा आहे.”