एका घरात दोन चुली

वाटणी हा शब्द कानी पडला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे भाऊबंदकी उभी राहते. परंतु सवाई जयसिंगांनी 1727 साली चौरस आखून वसविलेल्या जयपुरात राहून आम्हांस आखणीचे भय उरले नव्हते. घरच्या जुन्या संगणकात आम्ही दोन चुली मांडल्या. चिरंजीवांच्या अभ्यासासाठी विंडोज होतेच. शेजारी 'बॉस' ही सी-डॅकची लिनक्सप्रणाली बसविली. तिसरा वाटा कागदपत्रांचा, दोघींचा सामाईक.

दोघी जावा गुण्यागोविंदाने नांदत होत्या. पुढे बॉसला जागा अपुरी पडू लागली. एका रविवारी आम्ही एक रिकामा वाटा पुसावयास बसलो. आता, विंडोज ज्या वाट्यास 'डी' म्हणते, त्यास लिनक्स क्रमांकाने हाक मारते. नावांच्या या घोटाळ्यात आम्ही भलताच वाटा पुसला. त्यात वडिलांनी साताऱ्याहून धाडलेल्या पत्रांची छायाचित्रे होती. वडील आता नाहीत. मूळ पत्रे वाळवीने खाल्ली. कचेरीत प्रत्येक कागदाची दुसरी प्रत ठेवणाऱ्या आम्ही घरी मात्र ती ठेवली नव्हती!

आम्ही त्याच जागी नवा वाटा पाडून पाहणार, तोच सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, आधी कोणाला तरी विचारा. तोवर हात लावू नका."

कचेरीतील एका तरुण सहकाऱ्याने दूरध्वनीवर तेच सांगितले. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर वाटणीचा तक्ता आरंभीच्याच भागात, अवघ्या 64 बाइटांत असतो. त्यात चार नोंदी मावतात. आम्ही खोडली होती ती त्यांतील एक नोंद. सातबारा फाटला म्हणून शेत वाहून जात नाही. मात्र त्या शेतात दुसऱ्याने नांगर घातला की सारे संपले. म्हणून त्या डिस्कवर एक अक्षरही लिहावयाचे नाही.

सायंकाळी पेनड्राइव्हवरून 'टेस्टडिस्क' चालविले. बांधाच्या खुणा हुडकीत त्याने हरवलेला वाटा शोधला, यादी दाखविली आणि आमची संमती मिळताच तक्त्यात नोंद पुन्हा लिहिली. पहिलेच छायाचित्र उघडले. वडिलांचे तिरपे अक्षर दिसले, आणि आम्हांस काही वेळ वाचता येईना.

दुसऱ्याच दिवशी सर्व पत्रांची एक प्रत साताऱ्यास ताईकडे रवाना झाली. घरात चुली कितीही असोत. देवघरातील ठेव दोन ठिकाणी असावी, एवढे शहाणपण आम्ही त्या रविवारी पदरात पाडून घेतले.