काकांच्या बेस गिटारला पडदे बसले

तुमच्या घरी कुणी वाद्य वाजवतं का? पेटी, तबला, सतार, गिटार, काहीही? मग ही गोष्ट तुमच्यासाठीच आहे. संगीतातलं फार कळत नसलं तरी चालेल. मलाही यातलं बरंच काही काकांमुळेच कळलं.

आधी थोडी ओळख करून देते. बेस गिटार म्हणजे चार जाड तारांची, खालच्या सुरांची गिटार. गाण्यात तिच्याकडे आपलं लक्ष जात नाही, पण ती थांबली की गाणं पोकळ वाटायला लागतं. नेहमीच्या बेसच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात. त्यांना फ्रेट म्हणतात. सतारीला असतात ते पडदे म्हणजे साधारण हेच. पडद्याच्या थोडं मागे बोट दाबलं की तार पडद्यालाच टेकते आणि ठरलेला सूर येतो. १९५१ मध्ये फेंडर कंपनीने अशी इलेक्ट्रिक बेस बाजारात आणली, तेव्हा तिचं नावच ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूकपणा, असं ठेवलं होतं.

माझ्या काकांची बेस मात्र बिनपडद्याची, फ्रेटलेस. सरोदसारखी. बोट जिथे टेकेल तिथला सूर. बोट जरा सरकलं की सूर हलला. पण त्यामुळेच एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं, मींड घेता येते. अमेरिकन वादक जॅको पास्टोरियस याने ही बेस जगभर गाजवली. १९७६ मध्ये त्याचा पहिला अल्बम आला. गंमत म्हणजे त्याची ती प्रसिद्ध बेस मुळात पडद्यांची होती, नंतर पडदे काढलेली. काका त्याचे मोठे चाहते!

आम्ही वडोदऱ्याचे. इथे नवरात्र म्हणजे गरबा, आणि गरबा म्हणजे स्टेजवरचा जिवंत वाद्यवृंद. नोकरी सांभाळून काकांनी कितीतरी वर्षं त्या नऊ रात्री बेस वाजवली. दोन वर्षांपूर्वी मात्र कीबोर्डवाला मुलगा हळूच म्हणाला, “काका, सूर थोडा वर जातोय.” त्या रात्रीनंतर काकांनी गिटार कव्हरमध्ये घातली ती काढलीच नाही.

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा कळलं, डाव्या कानाचं ऐकणं बरंच कमी झालंय. शिवाय दोन्ही कानांना एकच सूर थोडा वेगवेगळा ऐकू येतोय. असं होऊ शकतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. मशीन लावल्यावर बोलणं नीट ऐकू येऊ लागलं, पण सुराचा भरवसा परत आला नाही. आणि फ्रेटलेस बेस वाजते ती कानाच्याच भरवशावर.

मग काकांनीच ठरवलं, बेसला पडदे बसवायचे. बाबा म्हणाले, “दादा, ती तशीच राहू दे, आपण नवीन घेऊ.” दुसराही मार्ग होता. अशा गिटारची मान बहुतेक वेळा चार स्क्रूंनी बसवलेली असते. पडद्यांची तयार मान आणून जोडायची, जुनी जपून ठेवायची. हा मार्ग सोपा, आणि कधीही पूर्ववत करता येतो. पण काका म्हणाले, “माझ्या अंगठ्याला हीच मान ओळखीची आहे. टांगून ठेवायला नाही घेतली मी ती.”

कारागिराकडे मीही गेले होते. काकांच्या बेसवर पडद्यांच्या जागी बारीक पांढऱ्या रेघा होत्या, म्हणून काम थोडं सोपं झालं. रेघा नसतील तर सगळं मोजून आखावं लागतं. मोकळ्या तारेची लांबी ३४ इंच, म्हणजे ८६३.६ मिलिमीटर. पहिला पडदा वरच्या टोकापासून सुमारे ४८.५ मिलिमीटरवर, त्यापुढचं प्रत्येक अंतर थोडं थोडं कमी, आणि बारावा पडदा बरोबर मध्यावर. एवढंसं चुकलं तरी तो सूर कायमचा बेसूर.

कारागिराने तारा उतरवल्या, मान सरळ केली आणि बारीक करवतीने रेघांमधलं भरण काढून खाचा मोकळ्या केल्या. मग पडद्याची तार मानेच्या गोलाईइतकी वाकवून एकेक पडदा ठोकून बसवला. टोकं कापून घासली, नाहीतर हाताला बोचतात. सगळे पडदे एका पातळीत आणून पुन्हा एकेकाला गोलाई दिली. काम इथेच संपत नाही बरं का! पडद्यांमुळे तारा उंच घ्याव्या लागतात, म्हणून वरचा नट बदलला आणि खालचा ब्रिज वर केला. तुम्ही कधी हे करायला दिलंत तर खर्च विचारताना नट आणि ब्रिजचंही नक्की विचारा.

पहिल्या संध्याकाळी काका गप्प होते. ती घसरत जाणारी मींड गेली, हे खरंच आहे. पडद्यावरून बोट सरकवलं की सूर पायऱ्या उतरल्यासारखे वेगवेगळे येतात. काकू म्हणाल्या, “आवडलं नाही का?” काका म्हणाले, “तिची आठवण येणार. पण आता सगळ्यांबरोबर वाजवता येईल.” आता ते ट्यूनरचा काटा डोळ्यांनी बघून तारा लावतात. बाकीचं पडदे सांभाळतात. यंदाच्या सरावाला कीबोर्डवाला मुलगा स्वतः त्यांना घ्यायला आला होता.

वयामुळे कान, डोळे, बोटं थकतात. मग आपण घरातल्या माणसाला म्हणतो, “आता पुरे, आराम करा.” प्रेमानेच म्हणतो. पण त्याआधी एकदा विचारून बघा, माणसाने थांबण्याऐवजी वाद्यातच काही बदलता येईल का? पेटीची उंची, तारांची जाडी, बसायची खुर्ची, नोटेशनची मोठी अक्षरं. आणि हो, काय बदलायचं ते वाजवणाऱ्यालाच ठरवू द्या. तुमच्या घरी असं एखादं वाद्य कव्हरमध्ये पडून असेल, तर या रविवारी ते बाहेर काढायला काय हरकत आहे?