पुण्यातील दुकानगाळे : भाडे, पागडी आणि रिकामेपण

पुण्यातल्या दुकानगाळ्यांचा बाजार एक नाही. पेठांतले जुने गाळे, मॉलमधले गाळे आणि उपनगरांत नव्या इमारतींच्या तळमजल्यावरचे गाळे असे त्याचे तीन भाग पडतात. गाळे तिन्हीकडे रिकामे राहतात, पण कारणे निरनिराळी आहेत. परिसरात गिऱ्हाईक किती, यापेक्षा गाळा कोणाच्या मालकीचा आणि तो कोणत्या हक्काने वापरला जातो, यावर त्याचे रिकामेपण जास्त अवलंबून असते. म्हणून साऱ्या शहराची एकच टक्केवारी सांगितली, तर तिच्यातून फारसे काही हाती लागत नाही.

लक्ष्मी रोड, तुळशीबाग, मंडई, रविवार पेठ या भागांत ‘भाड्याने देणे आहे’ अशी पाटी क्वचित दिसते. याचे मूळ भाडेनियंत्रणात आहे. १९४७च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी गोठवली. त्याच्या जागी आलेला महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २०००पासून लागू झाला आणि त्याने मालकाला वर्षाला ४ टक्के भाडेवाढ दिली. मूळ भाडेच काही रुपयांचे असेल, तर या वाढीला अर्थ उरत नाही. त्याच कायद्याच्या कलम ५६ने पागडीच्या, म्हणजे भाडेहक्कासाठी एकरकमी पैसे घेण्याच्या, व्यवहाराला मान्यता दिली. त्यामुळे जुन्या कुळाच्या हातात विकता येण्याजोगा हक्क असतो आणि तो फुकट सोडायला कोणी तयार होत नाही. मालकाला त्याचा वाटा देऊन पावती नव्या माणसाच्या नावावर होते. गाळा हातोहात फिरतो, पण भाड्याच्या बाजारात येत नाही.

या पद्धतीत रिकामेपण लपून राहते. कलम १६नुसार, ज्या कामासाठी जागा दिली त्या कामासाठी ती सलग सहा महिने सबळ कारणाशिवाय वापरली गेली नाही, तर मालकाला ताबा मागता येतो. परिणाम डोळ्यांना दिसतो. म्हातारा दुकानदार, मुले परगावी नोकरीला, फळ्यांवर जुना माल, आणि संध्याकाळी दोन तास वर गेलेले शटर. कागदावर दुकान चालू असते, धंदा मात्र थांबलेला असतो. शहरातल्या सर्वांत मोक्याच्या रस्त्यांवरची जागा अशी अडकून पडते, हे पुण्याच्या व्यापाराचे खरे नुकसान आहे. आणि कोणत्याही सर्वेक्षणाच्या आकड्यात ते धरले जात नाही.

ज्या मालकाच्या हाती जागा मोकळी आहे, तोही ती सहजासहजी देत नाही. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. ६० महिन्यांपर्यंतच्या करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, म्हणजे खर्चाचा बोजा मोठा नाही. अडचण मुदत संपल्यावर येते. कलम २४खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडून लवकर ताबा मिळण्याची सोय फक्त निवासी जागांना आहे. दुकानासाठी कोर्टाची नेहमीची वाट धरावी लागते, आणि ती लांबची आहे. म्हणून अनोळखी माणसाला देण्यापेक्षा गाळा बंद ठेवलेला बरा, असे अनेक मालकांना वाटते. बँका आणि एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या यांना भाडेनियंत्रणाचे संरक्षण नाही. त्यामुळे असा भाडेकरू मालकाला सुरक्षित वाटतो. मोक्याच्या रस्त्यांवर बँकांच्या शाखा आणि साखळी दुकाने वाढली, त्यामागे हेही एक कारण आहे.

मॉलचे गणित वेगळे आहे. विमाननगरचे फिनिक्स मार्केटसिटी आणि हडपसरचे अमनोरा २०११मध्ये सुरू झाले. वाकडचे मॉल ऑफ द मिलेनियम २०२३मध्ये आले. एकाच मालकाकडे असलेल्या मॉलमध्ये कोणते दुकान कोणत्या मजल्यावर, हे एक यंत्रणा ठरवते. मोठ्या अँकर दुकानाला कमी दराने जागा दिली जाते, कारण त्याच्यामुळे येणाऱ्या गर्दीवर लहान गाळे चालतात. सिनेमा आणि फूड कोर्ट सहसा वरच्या मजल्यांवर असतात, ते गिऱ्हाइकाला तिथपर्यंत नेण्यासाठी. भाडे किमान रक्कम किंवा विक्रीतला हिस्सा, यांपैकी जे जास्त असेल ते. समजा, किमान भाडे अडीच लाख आणि हिस्सा १५ टक्के ठरला. महिन्याची विक्री वीस लाख झाली, तर दुकानदार तीन लाख देतो. विक्री दहा लाखांवर आली, तरी अडीच लाख सुटत नाहीत. मार्च २०२०च्या टाळेबंदीनंतर राज्यातले मॉल ५ ऑगस्ट २०२०ला उघडले. मधल्या काळात किमान भाड्याचा हा आग्रह किती जड जातो, हे दोन्ही बाजूंना कळले.

ज्या मॉलमधले गाळे बिल्डरने एकेक करून विकले, तिथे अशी यंत्रणा उभी राहत नाही. प्रत्येक मालक आपापला दर धरून बसतो, देखभाल खर्चावरून भांडणे होतात, सरकते जिने बंद पडतात आणि चालती दुकानेही निघून जातात. ४० टक्क्यांहून अधिक जागा रिकामी असलेल्या मॉलला ‘घोस्ट मॉल’ म्हणतात. नाइट फ्रँक या संस्थेने २०२३मध्ये देशातल्या आठ मोठ्या शहरांत असे ६४ मॉल मोजले. त्याच वर्षी नेक्सस सिलेक्ट ट्रस्ट हा किरकोळ विक्रीच्या जागांचा देशातला पहिला रीट, म्हणजे स्थावर मालमत्ता गुंतवणूक न्यास, शेअर बाजारात आला. औंधचा वेस्टएंड मॉल त्यात आहे. एकसंध मालकीची किंमत गुंतवणूकदारांनी ओळखली, याचे हे लक्षण आहे.

बाणेर, वाकड, खराडी, वाघोली इथल्या नव्या इमारतींत एकेक गाळा विकलेल्या मॉलचाच दोष छोट्या प्रमाणात दिसतो. रस्त्याला तोंड असलेल्या गाळ्यात मेडिकल, डेअरी, सलून लगेच येतात. आतल्या बाजूचे आणि पहिल्या मजल्यावरचे गाळे क्लिनिक किंवा क्लासेसची वाट पाहत राहतात. एक कोटी वीस लाखांचा गाळा महिना पन्नास हजारांनी गेला, तर वर्षाला सहा लाख, म्हणजे ५ टक्के. तीन महिने रिकामा गेला आणि एक महिन्याचे भाडे दलालीत गेले, तर उरतात चार लाख. मेंटेनन्स आणि मिळकतकर त्यातूनच. तरी मालक भाडे उतरवत नाही, कारण गाळ्याची विक्रीची किंमत भाड्यावरून ठरते. भाडे उतरले की किंमतही उतरते. त्यात १० ऑक्टोबर २०२४पासून मालक जीएसटीत नोंदणीकृत नसला, तरी नोंदणीकृत भाडेकरूला १८ टक्के कर स्वतः भरावा लागतो. कंपोझिशन योजनेतल्या व्यापाऱ्यांना पुढे यातून वगळले गेले.

गाळ्यात पैसे घालणाऱ्याने इमारतीतले किती गाळे विकले गेले, हे विचारू नये. किती शटर रोज उघडतात, हे कामाच्या दिवशी जाऊन मोजावे. प्रत्यक्ष भाडे किती, हे एजंटाच्या तोंडून न ऐकता नोंदणी विभागातल्या सूची क्रमांक दोनमध्ये पाहावे.