कुठवर आलंय?

आमच्या दुकानातला कॉम्प्युटर रोज सकाळी एकच निरोप द्यायचा. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत: हार्ड डिस्कची तब्येत बिघडली आहे, डेटा दुसरीकडे घ्या, डिस्क बदला, पुढे जायचं असेल तर एफ-वन दाबा. पप्पा एफ-वन दाबायचे. शटर वर, गणपतीच्या फोटोला उदबत्ती, मग एफ-वन. त्यांच्या लेखी ते कॉम्प्युटर सुरू करायचं बटणच होतं.

हे किती महिने चाललं होतं कुणास ठाऊक. मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे, महिन्या-दीड महिन्याने लोणंदला येतो. तो निरोप मीही दोनदा वाचला होता आणि दोन्ही वेळा ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून रविवारची संध्याकाळची गाडी पकडली होती. पप्पांना इंग्रजी वाचायचा कंटाळा, म्हणून त्यांनी दुर्लक्ष केलं. मला वाचता येत होतं, तरी मी केलं.

मग गेल्या वर्षी जूनमध्ये त्यांचा फोन आला. “त्यातनं टकटक आवाज येतोय. कणगीत उंदीर शिरल्यावानी.”

दुकान म्हणजे दहा बाय बाराचा गाळा. झेरॉक्स, लॅमिनेशन, लग्नपत्रिका, दशक्रियेची पत्रकं. लोणंद कांद्याच्या बाजारासाठी ओळखलं जातं, त्यामुळे आडतवाल्यांची पावतीपुस्तकं बारा महिने. आणि माउलींची पालखी यायच्या आधीचे पंधरा दिवस तर जेवायला उसंत नाही. स्वागताचे फ्लेक्स, अन्नदानाची पत्रकं, चहावाटपाचे फलक, सगळ्यांना सगळं कालच हवं असतं. हे सगळं ज्या मशीनवर चालतं ते २०११ साली घेतलेलं. विंडोज सेव्हन, तीनशे वीस जीबीची डिस्क, कॅबिनेटवर हळदीकुंकवाची दोन बोटं.

“नवीन घेऊन देतो,” असं मी आजवर चार वेळा म्हणालो असेन. १४ जानेवारी २०२० ला मायक्रोसॉफ्टने विंडोज सेव्हनची देखभाल थांबवली, तेव्हा तर मी पप्पांना फोनवर छोटं भाषणच दिलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “माझ्या पत्रिका उघडतील का त्यात?”

प्रश्न बरोबर होता. तुम्ही मोबाइलवर मराठी टाइप करता ते युनिकोडमध्ये. त्यात ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, कुठल्याही फोनवर तो ‘क’च राहतो. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. पण गावोगावच्या डीटीपीवाल्यांचा संसार त्याआधीच्या पद्धतीच्या फॉन्टवर उभा राहिला. त्यात इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असतं. फाइलमध्ये असतं इंग्रजी अक्षर किंवा एखादं चिन्ह, फॉन्ट ते मराठी करून दाखवतो. तोच फॉन्ट नसेल तर ‘चि. सौ. कां.’च्या जागी नुसती इंग्रजी भेळ दिसते. वर पप्पांच्या निम्म्या पत्रिका पेजमेकरमध्ये, आणि पेजमेकरची शेवटची आवृत्ती आली २००१ साली. त्यामुळे नवीन मशीन घेणं म्हणजे पप्पांना चौदा वर्षांच्या कामासकट घराबाहेर काढण्यासारखं होतं.

माझ्या नोकरीत असं होत नाही. आमचे सर्व्हर क्लाउडवर असतात. एखादा बिघडला तर त्याचं काय बिनसलं हे फारसं कुणी बघत बसत नाही. तो पुसायचा, दोन मिनिटांत तसाच दुसरा उभा करायचा. सहा वर्षं हे करून मला वाटायला लागलं होतं की मला कॉम्प्युटर कळतात.

शनिवारी दुपारी चारशे ऐंशी जीबीची एसएसडी घेऊन आलो. माझा हिशेब दोन तासांचा होता. जुनी डिस्क आणि नवी एसएसडी केबलने माझ्या लॅपटॉपला लावली. नव्या डिस्कची मांडणी कशी हवी असं विचारलं, तेव्हा आधुनिक पर्याय निवडला, जीपीटी. मग सी ड्राइव्ह कॉपी केला, डी ड्राइव्ह कॉपी केला. सुरुवातीला शंभर एमबीचा एक बिननावाचा तुकडा होता. तीनशे वीस जीबीत शंभर एमबी म्हणजे गव्हाच्या पोत्यातला खडा. सोडून दिला. कॅबिनेटचा प्लग काढला, डिस्क बसवली, स्क्रू आवळले, प्लग लावला, बटण दाबलं.

रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस.

पुन्हा बंद, पुन्हा चालू. तेच. पाच-सहा वेळा केलं. मग मोबाइलवर शोधून दिसेल तो उपाय करायला लागलो, रॅम काढून पुसून लावली, कीबोर्ड बदलला. समोरच्या बाकावर अन्नदान मंडळाचे दोघं येऊन बसले होते. त्यातला एक म्हणाला, “इंजिनेर आलाय म्हणल्यावर होईलच की.” पप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी त्या दोघांना चहा सांगितला, हे जास्त लागलं.

साडेसातला पाहुणे गेले. पप्पांनी स्टूल ओढलं, माझ्या शेजारी बसले आणि विचारलं, “कुठवर आलंय?”

लोणंदच्या माणसाला हा प्रश्न नवीन नाही. आळंदी, पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, मग नीरा स्नान आणि लोणंद. पालखी निघाली की गावात जो तो हेच विचारतो. ‘का आली नाही’ असं कुणी विचारत नाही, ती कुठवर आलीय हे विचारतात. त्यावरून मग बाकीचं कळतं, आज पीठ मळायचं की उद्या.

मी ‘चालू होत नाही’ असं म्हणणार होतो. पण तेवढंच उत्तर त्या प्रश्नाला पुरत नव्हतं. कुठवर आलंय? मला माहीत नव्हतं. चार तास मी ‘का होत नाही’ एवढ्यावरच डोकं आपटत होतो.

कॉम्प्युटर सुरू होतो म्हणजे काय होतं, हे मी इंजिनिअरिंगला परीक्षेपुरतं वाचलं होतं. बटण दाबल्यावर मशीनला काहीही माहीत नसतं. विंडोज नाही, डिस्क नाही, पत्रिका नाहीत. बोर्डावरच्या एका चिपमध्ये बायोस नावाचा छोटा प्रोग्राम असतो, तेवढं त्याला ठाऊक. बायोस आजूबाजूला काय जोडलंय ते चाचपतो आणि डिस्कचा पहिला कप्पा वाचतो. तो कप्पा ५१२ बाइटचा. त्यात ४४६ बाइटचा इवलासा प्रोग्राम, ६४ बाइटमध्ये डिस्कच्या चार वाटण्यांचा सातबारा, आणि शेवटच्या दोन बाइटमध्ये ठरलेली सही. ही मांडणी आहे १९८३ सालची. तो इवलासा प्रोग्राम आपल्याहून थोड्या मोठ्याला उठवतो, तो आणखी मोठ्याला, आणि अशा हातमिळवणीने शेवटी विंडोज उभं राहतं. ‘बूट’ हा शब्दही त्यावरूनच आला आहे, आपल्याच बुटांच्या पट्ट्या ओढून स्वतःला उचलणं.

म्हणजे हीसुद्धा मुक्कामांची वाट. स्क्रीनवरचा प्रत्येक निरोप सांगत असतो की स्वारी कुठल्या मुक्कामापर्यंत पोचली.

“पहिला मुक्काम,” मी म्हणालो आणि बायोस उघडला. डिस्कच्या यादीत नवीन डिस्क नव्हतीच. वर कोपऱ्यात तारीख १ जानेवारी २०११ दिसत होती, पण जुनं मशीन म्हणून तिकडे लक्ष दिलं नाही. पप्पांनी मोबाइलचा उजेड धरला. साटा केबल एका बाजूने अर्धवट बसलेली. दाबली, टक् झालं. डिस्क यादीत आली. लाज वाटायला हवी होती, पण आनंदच झाला.

चालू केलं. पुन्हा तोच निरोप. पण आता तो मला वेगळा वाचता आला. डिस्क दिसते आहे, तिच्यावर सुरुवातीचं माणूस नाही. आणि मग तो शंभर एमबीचा खडा आठवला. विंडोज सेव्हन स्वतःला उठवणारी फाइल आणि कुठलं विंडोज कुठे आहे याची नोंद त्या बिननावाच्या तुकड्यात ठेवतं. मी घरातलं सगळं सामान हलवलं होतं आणि किल्ली जुन्या घरात ठेवून आलो होतो. त्यात ती आधुनिक जीपीटी. या वयाच्या बायोसवरून विंडोज जीपीटी डिस्कवर सुरूच होत नाही.

आता सगळी डिस्क पहिल्या कप्प्यापासून, जशीच्या तशी उतरवायला हवी होती. म्हणजे जुनी टकटकणारी डिस्क पुन्हा पूर्ण वाचायची. बिघडलेली डिस्क दर वेळी चालू करणं हा जुगार असतो, आणि एक डाव मी दुपारीच घालवला होता. पत्रिकांची कॉपी नव्या डिस्कवर होती, पण तीच डिस्क आता पुसावी लागणार होती. पप्पांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “आधी पत्रिका बाजूला काढून ठेव. मग कर काय करायचं ते.” मला हे सुचायला हवं होतं. डी ड्राइव्ह माझ्या लॅपटॉपवर घेतला.

मग पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं, दोन्ही डिस्क कॅबिनेटमध्ये जोडल्या आणि डीडीरेस्क्यू लावलं. हा प्रोग्राम हुशार मुलासारखा पेपर सोडवतो. सोपे प्रश्न आधी. जिथे डिस्क अडखळते ती जागा एका वहीत टिपून पुढे जातो, आणि सगळं सोपं हाती आल्यावर अवघड जागांकडे परत येतो. पंख्याच्या वाऱ्यात आम्ही दोघं आकडे बघत बसलो. आईने डबा दुकानातच पाठवला. पप्पा बोलत राहिले, कुठली पत्रिका कुणाची, कुणी पैसे बुडवले, कुणाच्या लग्नात नाव चुकलं आणि रात्रीतून पाचशे प्रती पुन्हा छापल्या. हे सगळं त्या डिस्कमध्ये आहे असं मी समजत होतो. निम्मं त्यांच्यातच होतं.

पहाटे चारला संपलं. काही मोजक्या जागा वाचता आल्या नाहीत, बाकी सगळं उतरलं. जुनी डिस्क काढली, नवी लावली. विंडोजचा तो रंगीत झेंडा आला, पप्पा उभे राहिले, आणि निळी स्क्रीन. शेवटी ७बी.

मी दमलो होतो, पण आता घाबरलो नाही. झेंडा आला म्हणजे वाल्हे ओलांडलं. विंडोज जागं झालंय आणि आता त्याला स्वतःचीच डिस्क सापडत नाहीये. दुपारपर्यंत याच बोर्डावर चालत होतं ना? मग मध्ये बदललं काय?

“तू मागचं बटण बंद केलं होतंस का?” पप्पांनी विचारलं.

मागचं बटण बंद करायचं नाही, हा त्यांचा जुना नियम. मी त्याला श्रद्धेच्या खात्यात टाकलं होतं. पप्पांनी ड्रॉवरमधून उधारीची वही काढली. शेवटच्या पानावर त्यांच्या अक्षरात होतं: ‘सेल गेला आहे. लाइट पूर्ण बंद झाल्यास तारीख जाते. एफ टू, साटा, आयडीई करणे. एफ टेन.’ कधीतरी आलेल्या रिपेअरवाल्याने केलेलं त्यांनी बघून उतरवून घेतलं होतं.

बोर्डावर रुपयाएवढा सीआर २०३२ सेल असतो. वीज नसताना बायोसच्या सेटिंग्ज तो जपतो. तो कधीच मेला होता. इन्व्हर्टर आणि बंद न केलेल्या बटणाच्या जोरावर गाडी चालली होती. मी प्लग काढला आणि मशीन सगळं विसरलं, तारीख २०११ वर गेली, डिस्कशी बोलायची पद्धत जुन्या आयडीईवरून एएचसीआयवर गेली. विंडोजला ती भाषा कधी शिकवलेलीच नव्हती. कोपऱ्यातली तारीख मला संध्याकाळीच हे सांगत होती.

एफ टू, साटा, आयडीई, एफ टेन. पप्पांनी वाचलं, मी केलं.

डेस्कटॉप आला. खंडोबाचा फोटो, त्यावर पसरलेल्या शंभर फाइली. पप्पांनी एक पत्रिका उघडली, अक्षरं मराठीत होती. दुसरी उघडली. न वाचता आलेल्या जागांत एकच फाइल गेली होती, २०१४ च्या एका लग्नाची. “जाऊ दे,” पप्पा म्हणाले, “त्याच्या पोराच्या बारशाला नवी करू.”

रविवारी नवा सेल घातला, पत्रिकांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवली, आणि ती वही मोबाइलवर पानन्‌पान स्कॅन करून घेतली. संध्याकाळच्या गाडीने पुण्याला आलो. अन्नदानाची पत्रकं वेळेत गेली.

सोमवारी सकाळी साडेनऊला पप्पांचा फोन. “अरे, चालू केल्यावर हे निळं पान उघडलंय. काय मागतंय?”

मला क्षणभर कळेना. मग लक्षात आलं. शटर, उदबत्ती, एफ-वन. आता निरोप येत नव्हता, मशीन झटकन सुरू होत होतं, आणि विंडोजमध्ये एफ-वन दाबलं की हेल्प उघडतं.

“काही मागत नाही,” मी म्हणालो, “मदत पाहिजे का विचारतंय.”

“मग ठीक आहे,” ते म्हणाले. “राहू दे उघडं.”